फुटव्यात दोष आढळला नाही

शेतकी खात्यातल्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहून पाठवा, असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. गमती पुष्कळ आहेत. पश्चिम खानदेशात, तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, मी अठरा वर्षं ओव्हरसियर म्हणून सायकलीवरून आणि बैलगाडीतून हिंडलो. बियाणं वाटायचं, नमुन्याची पिकं करून दाखवायची, कीड पडली की बघायला जायचं, आणि साहेब येणार असले की या सगळ्याचा रिपोर्ट तयार ठेवायचा, असं ते काम. त्यातली एक गंमत सांगतो. पण तिच्यापुढे जे लिहिणार आहे त्यात गंमत नाही. ते छापायचं की नाही हे संपादकांनी ठरवावं.

एका वर्षी पाऊस श्रावणातच थांबला. सारंगखेड्याकडचा एक म्हातारा शेतकरी तालुक्याच्या गावी माझ्या खोलीवर आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने तिच्यातून ज्वारीचं एक पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पान लांबट गुंडाळलेलं होतं.

"साहेब, मन्ही ज्वारी बिड्या वळी ऱ्हायनी. काही दवा शे का?"

"पाणी द्या," मी म्हणालो.

"पाणी ऱ्हातं तर तुम्हनाकडे कसाले येतू?"

मला हसू आलं. पण त्या म्हाताऱ्याने टोपीतून आणलेलं ते पान म्हणजे ज्वारीची सगळी हुशारी होती, आणि ती मला तोवर नीट कळलेली नव्हती. मी कोकणातला. आमचं पीक भात. भाताची मुळं चिखलात बुडालेली असतात आणि चिखलात हवा नसते, म्हणून भाताच्या काडीत आतून पोकळ वाटा असतात. वरची हवा त्या वाटांनी मुळांपर्यंत उतरते. पाणी जपून वापरणं भाताला ठाऊकच नाही. ज्वारीचं तसं नाही. पानाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक तोंडं असतात. त्यांतून झाड हवा आत घेतं, आणि त्याच वाटेने त्याचं पाणी बाहेर उडून जातं. हवा घ्यावी तर पाणी जातं, पाणी राखावं तर उपाशी राहावं लागतं. हा पेच प्रत्येक झाडापुढे रोज असतो. ज्वारी अंगाला मेणाची पांढरी भुकटी लावून घेते, ऊन चढलं की पान गुंडाळते, तोंडं मिटते आणि वाढ थांबवते. मक्याला असं थांबता येत नाही. तो कसाबसा तुरा टाकतो आणि दाण्याविना वाळतो. ज्वारी मात्र आठवडेच्या आठवडे थांबते आणि पाऊस आला की जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते.

याच हुशारीचा एक भाग फार वाईट आहे. अडून बसलेल्या कोवळ्या झाडाला कोणी खाल्लेलं परवडणारं नसतं. म्हणून ज्वारीच्या कोवळ्या पानात दोन द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. पान अखंड आहे तोवर त्यांची गाठ पडत नाही. जनावराने पान चावलं की मधल्या भिंती फुटतात, दोन्ही द्रव्यं एकत्र येतात आणि त्यातून जहाल विष सुटतं. पीक वाढेल तसं ते कमी होत जातं. दाणा भरलेल्या ज्वारीचा कडबा बैल वर्षभर खातात, त्यांना काही होत नाही. पण पावसाने दगा देऊन खुरटलेली ज्वारी, आणि त्याहूनही कापलेल्या बुडख्यातून नव्याने येणारा फुटवा, विषाने भरलेला असतो. जनावर अर्ध्या तासात मरतं. याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या हकिगतीत रहस्य काही नाही. ज्या गावात ती घडली तिथेही ते कोणाला रहस्य नव्हतं.

माझ्या नोकरीचं ते तिसरं वर्ष. मी अजून कायम झालेलो नव्हतो. पाऊस अडला, वैरणीची ओरड सुरू झाली, आणि खात्याने एक पत्रक काढायचं ठरवलं. अडकलेली ज्वारी उभी वाळवू नका, ती कापून वैरण करा, बुडखे राखा. पुढचा पाऊस आला की बुडख्यांना फुटवे येतील, ते कापून जनावरांना हिरवा चारा द्या, असा त्यातला मजकूर. इंग्रजी मसुदा वरून आला आणि मराठी करायचं काम माझ्याकडे. मसुद्यात एक वाक्य होतं की फुटवा कमरेइतका वाढेपर्यंत जनावरांना देऊ नये. माझं मराठी लांबलं आणि पत्रक पाठपोट एका कागदात बसेना. मी ते वाक्य गाळलं.

मुद्दाम गाळलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण कॉलेजात ज्वारीच्या विषावर आम्हांला एक सबंध तास शिकवलं होतं. औषधात भिजवलेल्या पिवळ्या कागदाची पट्टी बाटलीत टांगून ते विष कसं ओळखायचं तेही करून दाखवलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं, आणि पत्रक लिहिताना ते मला आठवलं नाही. आठवलं नाही, कारण आठवण्याची मला गरज वाटली नाही. मरणारे बैल माझे नव्हते.

गोमाई नदीच्या काठचं एक गाव मी नमुन्यासाठी निवडलं. नाव लिहीत नाही. तिथले उखा पाटील मोठे शेतकरी. त्यांचे चार बैल इतके देखणे की सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला निघालेले लोक वाटेत त्यांच्या गोठ्याशी थांबत. त्यांच्या एका वावरात मी पत्रकाबरहुकूम ज्वारी कापून घेतली. भाद्रपदात दोन दिवस पाऊस आला आणि बुडख्यांतून वीत-दीड वीत हिरवागार फुटवा आला. मग पुन्हा ऊन पडलं आणि तो माना टाकू लागला. मंगळवारी आमचे साहेब पाहणीला यायचे होते. फुटवा वाळून जाण्याआधी बैल तो खात असल्याचं मला त्यांना दाखवायचं होतं, म्हणून सोमवारी सकाळपासूनच चारा सुरू करावा असं मी पाटलांना सांगितलं.

रविवारी आम्ही वावराच्या बांधावर उभे होतो. कापणीसाठी पाटलांनी महारवाड्यातल्या झिपाला बोलावलं होतं. झिपा तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. गावात मेलेली गुरं ओढून न्यायची, त्यांचं कातडं सोलायचं, हे काम गावाने त्याच्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या टाकलेलं. त्याने वाकून एक फुटवा उपटला, बोटांत चुरडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला,

"साहेब, हाऊ फुटवा ढोरेस्ले देवू नका. किराळ लागस."

हा शब्द मी नव्यानेच ऐकत होतो. दृष्ट लागते, भूत लागतं, तसंच हे काहीतरी लागत असेल अशी माझी समजूत झाली.

"किराळ म्हणजे काय रे? भूत का देवी?"

"भूतले पाय नही ऱ्हातस, साहेब. किराळले मुळं शेतस."

बांधावरचे लोक हसले. मीही हसलो.

"तू पाहिली आहेस का किराळ?"

"मी नही देखू तर कोन देखी? तुम्हले ढोर वरथून दिसस, माले मजारथून दिसस. रोगनं ढोर फाडं तर रगत काळं ऱ्हास. किराळनं फाडं तर लालभडक, कुकूनागत."

आज मला त्या वाक्याचं मोल कळतं. गावातलं जनावर कशाने मेलं हे आतून पाहिलेला त्या पंचक्रोशीत तो एकच माणूस होता. गुरांचा डॉक्टर असा कोणी तिकडे फिरकत नसे. ज्या कामापायी गाव त्याला दूर ठेवत होतं त्याच कामाने त्याला हे ज्ञान दिलं होतं. तेव्हा मात्र मी पाटलांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "झिपा, तू ढोरे ओढानं काम कर. साहेब पुनाले शिकेल शेतस."

"मंग मी दोर तयार ठेवस, पाटील," झिपा म्हणाला. लोक पुन्हा हसले.

सोमवारी सकाळी त्याने पाटलांच्या सांगण्यावरून दोन भारे कापले आणि गोठ्यात आणून टाकले. मी पाटलांच्या ओट्यावर चहा घेत होतो. बशीतला चहा संपायच्या आत गोठ्यातून हाक आली. एक बैल पाय फाकवून उभा होता आणि धापा टाकत होता. त्याच्या तोंडातून फेस येत होता. बघता बघता तो कोसळला. मग दुसरा, मग तिसरा. झिपा ओरडत होता, "गूळ द्या, गूळ! पाणीमा कालवीसन द्या!" आतून गुळाची ढेप आली. त्याने ती बादलीत कुस्करली, चौथ्या बैलाचं तोंड वर धरलं आणि बांबूच्या नळीने ते पाणी त्याला पाजत राहिला. त्या बैलाने बहुधा कमी खाल्लं होतं. तो तासाभराने सावरला. तीन मेले.

मी काय केलं? खिशात पत्रकांची चळत होती. वरचं पत्रक थोडं बाहेर आलं होतं. ते मी आत सारलं.

पाटलांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. त्यांना किराळ ठाऊक होती, बांधावर हसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पण सरकारी पत्रकाने बैल मेले असं पाटलांनी म्हणायचं कसं? पाटीलकी सरकारचीच. शिवाय त्याच वर्षी चैत्रात पाटलांच्या घरच्या लग्नात फुकट लाकडं वाहायला महारवाड्याने नकार दिला होता, आणि तो नकार बोलून दाखवणारा झिपा होता. दुपारपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं. भारा कोणी कापला? झिपाने. गोठ्यात कोणी टाकला? झिपाने. बैल मेला की कातडं कोणाचं? झिपाचं. आणि दोर तयार ठेवतो असं आदल्याच दिवशी सगळ्यांदेखत कोण म्हणालं होतं?

फौजदार आले. त्यांनी मला विचारलं, "काय हो, ज्वारीत विष असतं का?"

"खात्याच्या पत्रकात तसं काही नाही," मी म्हणालो.

हे शब्दशः खरं होतं. नसायला मीच जबाबदार होतो.

मेलेल्या बैलांपैकी एकाचं पोट फौजदारांनी झिपाकडूनच उघडून घेतलं, आतला चारा बाटलीत भरून मुंबईला पाठवण्यासाठी. रक्त लालभडक होतं. कॉलेजातला तो तास मला त्या क्षणी अख्खा आठवला. मी वावरातून मूठभर फुटवा रुमालात बांधून तालुक्याच्या गावी माझ्या खोलीवर आणला, ठेचून बाटलीत घातला आणि वर कॉलेजच्या वहीत राहिलेली त्या पिवळ्या कागदाची पट्टी टांगली. विष असेल तर पट्टी लाल होते. ती सकाळपर्यंत विटेसारखी लाल झाली.

मंगळवारी साहेब आले. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि गाळलेल्या वाक्याचंही सांगितलं. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "पत्रकं किती गावांत गेली?"

"तीन तालुक्यांत, साहेब."

"आणि तू अजून कायम नाहीस."

"नाही, साहेब."

"पोलिसांनी फुटव्याबद्दल रिपोर्ट मागितलाय. तो तुझ्या सहीने जायचा आहे. काय लिहायचं ते तू ठरव." एवढं बोलून ते डाकबंगल्यावर निघून गेले.

त्यांनी मला खोटं लिही असं सांगितलं नाही. हे मी त्यांच्या बाजूने लिहीत नाही; माझ्या विरुद्ध लिहितो आहे. मी टेबलाशी बसलो आणि लिहिलं: "फुटव्याची तपासणी केली. फुटव्यात दोष आढळला नाही." बाटली धुऊन फडताळात ठेवली.

खटला उभा राहिला. मुंबईहून आलेल्या रिपोर्टात विषाचं नाव होतं, प्रुसिक अॅसिड. न्यायाधीशांनी विचारलं हे काय आहे. सरकारी वकील म्हणाले, अत्यंत जहाल विष आहे. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. ज्या माणसाच्या घरी दिव्यात घालायला रॉकेल नसतं त्याने प्रयोगशाळेतलं विष कुठून आणलं, हा प्रश्न त्या कोर्टात एकाही शिकलेल्या माणसाला पडला नाही. सोमल म्हटलं असतं, कण्हेर म्हटलं असतं, तर समजू शकलो असतो. त्या नावाचा अर्थ कळणारा आणि ते विष कुठून आलं हे जाणणारा त्या दालनात एकटा मी होतो. मी साक्षीदारांच्या बाकावर बसलो होतो, रिपोर्टाखाली माझी सही आहे एवढं सांगायला.

वकिलांनी झिपाला विचारलं, "विष कोणतं हे ठाऊक नसताना उतारा कसा ठाऊक होता?"

"मन्हा बापनी सांगेल व्हता."

"बापाने विष घालायलाही शिकवलं असेल!"

कोर्टात हसू झालं. झिपाने हसू ओसरू दिलं आणि म्हणाला, "उतारा म्हाईत व्हता म्हनीसन एक बैल जिवत शे, साहेब. मी मारनारा ऱ्हातू, तर त्याले काबरं वाचाडतू?"

बैल वाचवला हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. दोराचं बोलणं दुसरा; ते पाटलांनी साक्षीत सांगितलं. फुटवा निर्दोष असल्याचा सरकारी रिपोर्ट तिसरा. दीड वर्ष सक्तमजुरी झाली.

बाहेर चिंचेखाली त्याची बायको कौतिक उभी होती. मी सायकल काढत होतो. ती जवळ आली नाही. होती तिथूनच बोलली.

"साहेब, त्या ज्वारीले वाचा ऱ्हाती, तर ती बोलती. तुम्हले तर शे ना?"

मी सायकलीवर बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात मी कायम झालो. त्याच हंगामात इतर गावांतूनही फुटव्याने गुरं दगावल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि पावसाळ्याआधी पत्रकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात ते वाक्य होतं. अक्षर जरा बारीक केलं, पत्रक एका कागदात छान बसलं. म्हणजे पहिल्या वेळीही बसलं असतं. खात्याने आपली चूक दुरुस्त केली आणि त्या चुकीपायी एक माणूस तुरुंगात दगड फोडतो आहे याची नोंद कुठल्याही कागदावर केली नाही. ज्या टेबलावरून नवं पत्रक निघालं ते टेबल माझं होतं. मी ते प्रूफ तपासलं, एक काना राहिला होता तो घातला, आणि पुढे पाठवलं.

शेतकऱ्यांच्या अज्ञानाबद्दल आमच्या खात्यात फार बोललं जातं. मीही भाषणं केली आहेत. या सगळ्या हकिगतीत अज्ञान कोणाचं होतं ते मला दाखवा. झिपाला ठाऊक होतं. पाटलांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. मसुदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. ज्याला सही करायचा अधिकार नव्हता तेवढाच मोठ्याने बोलला, आणि आम्ही बाकीच्यांनी मिळून त्याला गुन्हेगार ठरवला.

माझी बदली झाली. दहा-बारा वर्षं मी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्यांत होतो. गेल्या वर्षी पुन्हा त्याच तालुक्यात आलो आणि पहिल्या आठवड्यात सायकल काढून त्या गावी गेलो. झिपा घराबाहेर अंबाडीचे दोर वळत बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं. तुरुंगातून सुटून आल्यावर त्याने मेलेली गुरं ओढणं सोडलं होतं. पहिल्यांदा पाटलांची गाय मेली आणि बोलावणं आलं, तेव्हा तो म्हणाला होता, "मी इख घालनारा शे ना, पाटील? मंग मन्हा हात तुम्हना ढोरले कसा लावू देतस?" हे मला त्यानेच सांगितलं. सांगताना पहिल्यांदा हसला.

मग मी माझं सांगितलं. गाळलेलं वाक्य, बाटली, लाल झालेली पट्टी, रिपोर्ट. तो दोर वळत ऐकत होता.

"कागद लाल व्हयना, ते तुम्ही देखं?"

"पाहिलं."

"मन्ही केस उभी ऱ्हायनी त्यानापहिले?"

"हो. पुष्कळ आधी."

त्याने दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि पीळ घट्ट केला. कौतिक दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग आते काबरं सांगतस? तुम्हनं वझं आमनाच डोकावर देवाले?"

मी म्हणालो, "मला क्षमा..."

"क्षमा नंतर," झिपा म्हणाला. "माले सांगीसन काय व्हई? मी तर तठे व्हतूच. चावडीवर सांगा. आठवडा-आठवडा नही, रोज जास मी तठे."

रोज का, ते तेव्हा मला कळलं. सुटून आल्यापासून झिपाचं नाव पोलीस पाटलांच्या हजेरीच्या वहीत आहे. दररोज दिवेलागणीला चावडीवर जाऊन उभं राहायचं. दुसऱ्या गावी जायचं तर आधी विचारायचं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कामाला बाहेर जाता येत नाही. मुलगी तळोद्याकडे दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण तिथे झालं. नातवाला पाहायला जायची परवानगी तीन महिन्यांनी मिळाली. दीड वर्षाची शिक्षा दीड वर्षाने संपली अशी माझी समजूत होती. ती शिक्षा आणखी बारा वर्षं चालू होती.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर चावडीवर गेलो. उखा पाटीलच पोलीस पाटील. आता म्हातारे झालेले, तक्क्याला टेकून बसलेले. आठ-दहा माणसं होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं गडबड उडेल. कोणी मान खाली घालेल. तसं काही झालं नाही. पाटलांनी पानाची पिंक टाकली.

"साहेब, आमले काय म्हाईत नव्हतं का? किराळ आठे बारक्या पोरलेबी म्हाईत शे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ठाऊक होतं? मग झिपाविरुद्ध साक्ष का दिलीत?"

"तुम्ही दिधी ना?" पाटील शांतपणे म्हणाले. "सरकारना माणूस लिखी देस, फुटवा चांगला शे. मंग आम्ही सरकारपेक्षा शहाना का?"

हे उत्तर मी जन्मभर ऐकत राहणार आहे. त्यात कावा आहे, हलकटपणा आहे, आणि तरी त्यातलं एक अक्षर मला खोडता येत नाही. माझा कागद नसता तर त्यांना आपल्या तोंडाने खोटं बोलावं लागलं असतं. तेवढं धैर्य पाटलांना कदाचित झालं नसतं. मी त्यांचं काम सोपं करून दिलं.

रागाच्या भरात मी म्हणालो, "पाटील, बैल मी मारले. त्या वहीत माझं नाव लिहा. उद्यापासून हजेरीला मी येतो."

लोक हसले. त्या बांधावर हसले होते तसेच. झिपा भिंतीशी उभा होता. तो हसला नाही.

"साहेब, तुम्हनं नाव लिखीसन मन्हं पुसाई जाई का?"

मी पुन्हा स्वतःपुरतंच बघत होतो. माझी शिक्षा, माझं ओझं. त्याला माझी शिक्षा नको होती. त्याला तळोद्याला जायचं होतं, कोणाला न विचारता.

"मन्हं नाव पुसा," तो म्हणाला. "बस. बाकीनं तुम्ही तुमनं देखा."

पाटील म्हणाले, ते माझ्या हातात नाही, वरून हुकूम लागतो. मग त्यांनी वही उघडली आणि हाक मारली, "झिपा!"

"हाजर शे."

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज लिहिला. गाळलेल्या वाक्यासकट सगळं त्यात आहे. जुन्या पत्रकाची आणि नव्या पत्रकाची प्रत जोडली, इंग्रजी मसुद्यातल्या त्या वाक्याची नक्कल जोडली. ज्वारीच्या फुटव्यात विष कसं तयार होतं हे दोन पानं भरून सोप्या भाषेत लिहिलं. झिपाचं नाव हजेरीतून काढावं एवढीच विनंती. चार महिन्यांनी उत्तर आलं. अपिलाची मुदत टळलेली असल्यामुळे निकालाबाबत काही करता येत नाही. निकाल कायम असल्यामुळे हजेरीबाबत काही करता येत नाही. मात्र अर्जदाराने नोकरीत असताना चुकीचा रिपोर्ट दिल्याची कबुली दिलेली असल्यामुळे त्याच्याकडून खुलासा मागवण्यात यावा.

खुलासा मी दिला आणि नोकरी सोडली. त्यात मोठेपणा नाही. राहिलो असतो तर काढलंच असतं. दुसरा अर्ज मी मुंबईला पाठवला आहे. झिपाने त्यावर अंगठा दिला आणि विचारलं, "हाऊ कागद कितला दिनमा वाचतस?" कौतिक म्हणाली, "बैलेस्ना कागद तर चटकन वाचा व्हता."

ते खरं आहे. माझा एका ओळीचा रिपोर्ट कोर्टाने त्याच दिवशी वाचला होता आणि खराही मानला होता. हा अकरा पानांचा अर्ज गेल्याला सहा महिने झाले. पोच आलेली नाही. झिपाच्या नातवाचं जावळ या दिवाळीनंतर आहे. तळोद्याला जाण्यासाठी त्याने पाटलांकडे परवानगी मागितली आहे, आणि पाटलांनी बघू म्हटलं आहे.